उरलेलं पुढे जातं का?

"पण उरलेलं पुढे जातं ना?"

कशाचाही विषय निघाला की काकांचा पहिला प्रश्न हाच. ऑफिसातल्या न घेतलेल्या रजा, सुपरमार्केटच्या कार्डावरचे पॉइंट, दातांच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या, काहीही असो. विचारताना ते शर्टाचं वरचं बटण चाचपायचे. बटण लावलेलंच असायचं. तोक्योच्या ऑगस्टातसुद्धा, जेव्हा रस्त्यावरचा माणूस रुमालाने मान पुसत चालतो, काकांचं वरचं बटण बंद.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. रस्ता रिकामा असला तरी सिग्नलची वाट पाहणारा, गॅस बंद आहे का ते पाहायला जिन्यातून परत फिरणारा. आपण अशा माणसांना हसतो. मीही हसायचे. आता हसवत नाही.

काका फुनाबोरीला आमच्याच इमारतीत, माझ्या शेजारच्या घरात राहायचे. मूळचे ठाण्याचे. एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत कंत्राटावर होते आणि ते कंत्राट दरवर्षी नवं व्हायचं. वय त्रेपन्नच्या आसपास. मी पुण्याहून आले तेव्हा एकटीच होते. दार उघडून हातात पोह्यांची बशी देणाऱ्या पहिल्या काकू. त्यांच्यामागून डोकावून "कचऱ्याचे वार माहीत आहेत ना? चुकलात तर पिशवी परत दारात येते," असं घाबऱ्या आवाजात सांगणारे पहिले काका. महिन्याभरात मी त्यांच्या घरची झाले आणि 'तुम्ही'ची 'तू' झाले.

मी यायच्या आधी ते दुसऱ्या मजल्यावर राहायचे. मग वॉर्डाच्या ऑफिसकडून पुराचा नकाशा घरोघर आला. आमचा सगळा भाग नदीपेक्षा खाली आहे आणि मोठा पूर आला तर इथे थांबू नका, असं त्यात सरळ लिहिलेलं असतं. लोक तो नकाशा फ्रिजवर लावतात आणि विसरून जातात. काकांनी घर बदललं आणि सातव्या मजल्यावर आले. सातव्या मजल्यावर पहिला भूकंप झाला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की वरचे मजले जास्त हलतात.

"आता?" काकूंनी विचारलं.

"चौथ्यावर काही रिकामं आहे का बघतो," काका म्हणाले. ते थट्टा करत नव्हते.

सकाळी आम्ही एकाच गाडीने जायचो. फुनाबोरीहून गाडी पुलावरून नदी ओलांडते आणि ओजिमाच्या आधी जमिनीखाली जाते. बोगदा सुरू झाला की काका बोलणं थांबवायचे. वरची दांडी घट्ट धरून उभे राहायचे आणि उतरेपर्यंत एक शब्द नाही. त्यामुळे त्यांनी मला पेन्शन समजावून सांगितलं ते असं उजेडातल्या दोन स्टेशनांच्या तुकड्यांनी, बऱ्याच सकाळी मिळून.

"हे बघ मृणाल. सरकारी पेन्शनचे पैसे पगारातून कापतात, तिथे आपल्याला कोणी विचारत नाही. त्याच्यावर आपण स्वतःहून भरायचं पेन्शन, त्याला इथे इडेको म्हणतात. टॅक्स वाचतो. पण महिन्याची मर्यादा ठरलेली. त्यावर एक येनही घेणार नाहीत."

"आणि कमी भरले तर?"

काकांचा चेहरा उजळला. "तर उरलेली मर्यादा पुढच्या महिन्यात जाते. आधी कळवून ठेवायचं, बस. वर्षाचं सगळं एकदम डिसेंबरात भरलं तरी चालतं." आणि बोगदा आला.

दुसऱ्या दिवशी नदीवर: "पण डिसेंबरपर्यंतच. वर्ष सरलं की न वापरलेली मर्यादाही सरली. नव्या वर्षात जुनं काही येत नाही."

"मग दर महिन्याला भरून टाकायचं की. विषय संपला."

"भरून टाकायचं!" त्यांनी बटण चाचपलं. "अगं, एकदा आत गेलेले पैसे साठीपर्यंत बाहेर येत नाहीत. मध्ये काही झालं तर?"

बोगदा.

काकांची अडचण ही अशी होती. न भरावं तर म्हातारपणाची भीती. भरावं तर उद्याची भीती. मग त्यांनी आपल्यापुरता मार्ग काढला होता. वर्षभराची रक्कम एकदम डिसेंबरात कापा, असं त्यांनी कळवून ठेवलं होतं. म्हणजे अकरा महिने पैसे हाताशी आणि अकरा महिने मर्यादाही शाबूत, पुढे पुढे सरकत राहिलेली. भीती तेवढी सगळी गोळा होऊन डिसेंबरात यायची.

नाताळाच्या सुमारास, पैसे कापले जायच्या आधीच्या दिवसांत, काकांना जेवण जायचं नाही. खात्यात पैसे राहू द्यायचे की काढून घ्यायचे? खात्यात पैसे नसले तर कोणी दंड करत नाही, नोटीस पाठवत नाही. फक्त त्या वर्षाची संधी जाते, कायमची. मी ओळखायला लागल्यापासून दोनदा त्यांनी शेवटच्या घटकेला कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, जाऊन मशीनमधून पैसे काढून आणले होते. एकदा कंपनीत कंत्राटं कमी करणार अशी कुजबुज होती म्हणून. एकदा तर काहीच नव्हतं, नुसतंच त्यांना तसं वाटलं म्हणून. आणि मग सगळा जानेवारी सुतकी चेहरा. "ह्या वर्षीचं गेलं गं," असं मला लिफ्टमध्ये सांगायचे, कोणी नातेवाईक गेल्यासारखं.

"लोकांना डिसेंबरात थंडी वाजते," काकू म्हणायच्या, "ह्यांना भीती वाजते."

काकूंना कसलीच भीती नव्हती. त्या मोडक्यातोडक्या जपानीत भाजीवाल्याशी भांडायच्या, भूकंपात कढईखालचा गॅस बंद करून "झालं का हलून?" असं छताकडे बघून विचारायच्या. त्यांच्या हसण्याचा आवाज माझ्या घरात भिंतीतून यायचा.

काकांची भीती कुठून आली ते मला एका संध्याकाळी कळलं. गाडी बंद पडली होती म्हणून आम्ही ओजिमाहून चालत येत होतो. काकांचे वडील ठाण्यात औषधांच्या दुकानात काउंटरवर होते. दुकान बंद झालं, पेन्शन वगैरे काही नव्हतं. काका तेव्हा नुकतेच नोकरीला लागलेले.

"बाबांनी मला कधी पैसे मागितले नाहीत," काका म्हणाले. "महिन्यातून एकदा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहायचे. मानेवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, केस फार वाढलेत, नाही? मग मी खिशात हात घालायचा." थोडं चालून ते पुढे म्हणाले, "मला रेवासमोर असं उभं राहायचं नाही. बाकी काही नाही."

रेवा ही त्यांची एकुलती एक मुलगी. दुसरीत असताना इथे आलेली, आता कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. काका मराठीत विचारायचे, ती जपानीत उत्तर द्यायची आणि दोघांचं व्यवस्थित चालायचं. कॉलेज सांभाळून ती एका बेकरीत बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, करायची. काकांना तिच्या सायकलची भीती वाटायची.

काकांच्या सगळ्या तयारीत एक गोष्ट गृहीत होती. जे काही व्हायचं ते त्यांना होणार. 'मी गेलो तर', 'मला काही झालं तर'. पेन्शनवर वारस म्हणून काकूंचं नाव होतं. विम्याचं काय, बँकेचं काय, सगळं ते काकूंना बसवून समजावायचे आणि काकू भाजी निवडत "हूं" म्हणायच्या. रुग्णवाहिका कशी बोलवायची याचा तर सराव व्हायचा. एकशे एकोणीसला फोन लावला की पलीकडचा माणूस आधी विचारतो, आग आहे की आजारी माणूस आहे? उत्तर काय द्यायचं, पत्ता कोणत्या क्रमाने सांगायचा, मजला सांगायला विसरायचं नाही. काका पलीकडचा माणूस व्हायचे आणि काकू हसून हसून बेजार व्हायच्या.

"अहो, मला नाही येत तुमचं ते जपानी नाटक. तुम्हाला काही झालं तर मी ओरडेन आणि मृणाल येईल."

खरं सांगायचं तर त्यांच्या सोबतीने मलाही ते लागायला लागलं होतं. भीती सर्दीसारखी असते, शेजारी बसलं की लागते. भूकंपात फुटलेल्या काचा पायात जाऊ नयेत म्हणून मी पलंगाशी बूट ठेवायला लागले. फोन अनोळखी नंबरावरून वाजला की उचलायचेच नाही. पगार झाला की सगळ्यात आधी वाटायचं, आणि पुढच्या महिन्यात नाही झाला तर?

त्या वर्षीचा डिसेंबर काकांना जास्तच जड चालला होता. कंत्राटाचं अजून कळलेलं नव्हतं. ते वाळले होते. बोगद्याबाहेरही बोलत नव्हते. पैसे कापले जायला अगदी थोडे दिवस उरले होते. रविवारी सकाळी मी बाल्कनीत कपडे वाळत घालत असताना त्यांनी पलीकडच्या बाल्कनीतून विचारलं, "काय करू गं? राहू देऊ का काढू?"

मी काहीतरी उत्तर देणार तेवढ्यात आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही. काका आत वळले.

मी थांबले. माझ्या हातात ओला टॉवेल होता. काकूंचं 'अगंबाई' ऐकू यायला हवं होतं, ते आलं नाही. आणि मग मला काकांचा आवाज ऐकू आला. जपानी. मोठा, सरळ, एकही शब्द न अडखळता. आजारी माणूस. पत्ता. इमारत. सातवा मजला. पुन्हा सातवा मजला.

त्यांचं दार उघडंच होतं. मला वाटतं, मी येईन म्हणून त्यांनी ते आधीच उघडून ठेवलं असावं. काकू स्वयंपाकघरात जमिनीवर आडव्या होत्या आणि काकांनी त्यांना कुशीवर वळवलं होतं. काकूंचे डोळे उघडे होते. उजवीकडचा ओठ खाली ओघळला होता. त्या काहीतरी बोलत होत्या, पण ते शब्द नव्हते. आयुष्यात मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. मी दारातच उभी राहिले.

"गॅस बंद कर," काका मला म्हणाले. "रेवाला फोन कर. खाली जाऊन गाडीवाल्यांना लिफ्ट दाखव." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचा एक हात काकूंच्या गालाखाली होता आणि काकूंना ते हळू आवाजात सांगत होते, "मी आहे. मी आहे ना. मी आहे."

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर तरुण होता आणि भरभर बोलत होता. रेवा बेकरीचा एप्रन अंगावर तसाच ठेवून आली होती. काकांना कळावं म्हणून डॉक्टर तिच्याकडे बघून बोलायला लागला. ती ऐकत राहिली, मान हलवत राहिली, मग बापाकडे वळली आणि थांबली. शब्द मिळत नव्हता. ह्या गोष्टीसाठी लागणारं मराठी तिच्याकडे नव्हतंच. तिला कोण शिकवणार होतं?

"आईच्या डोक्यात," ती म्हणाली, "डोक्याच्या आत... रक्त... सांडलंय." आणि लहान मुलीसारखी रडायला लागली.

काकांनी तिला जवळ घेतलं. "कळलं मला. सही कुठे करायची विचार."

ऑपरेशन चालू असताना आम्ही तिघं एका बाकावर बसलो होतो. समोर पेयांचं मशीन गुरगुरत होतं. पावलं वाजली की आम्ही तिघंही वर बघायचो आणि पावलं पुढे निघून जायची. बऱ्याच वेळाने काका बोलायला लागले, भिंतीकडे बघून.

"तिची तपासणी राहिली. दरवर्षी कूपन येतं विमावाल्यांकडून, नोकरदाराच्या बायकोसाठी. फुकट असते. तीन वर्षं केली नाही तिने. मी म्हणायचो जाऊन ये, ती म्हणायची पुढच्या वर्षी जाते. मी म्हटलं, बरं." त्यांचा हात वरच्या बटणाशी गेला. घाईत अंगावर चढवलेल्या त्या स्वेटरला बटण नव्हतं. "सगळ्याचं विचारलं गं मी. ह्याचं नाही विचारलं. हे पुढे जात नाही."

मी मशीनमधून तीन गरम चहाचे कॅन आणले. ते हातात धरून आम्ही बसून राहिलो आणि ते गार झाले.

काकू वाचल्या. लवकर आणलंत म्हणून, असं डॉक्टरने दोनदा सांगितलं. पण पुढचे कितीतरी दिवस रोज एक नवीन भीती असायची. ताप येतोय. डोळे उघडत नाहीत. उघडले, पण ओळखतात की नाही? मी ऑफिस सुटल्यावर जायचे. दाराच्या काचेतून आधी काकांचा चेहरा बघायचे आणि मगच आत पाऊल टाकायचे.

जानेवारीत एका शनिवारी काका काकूंच्या पलंगाशी बसून फोनवर बँकेचं काहीतरी बघत होते. एकदम त्यांनी मान वर केली.

"मृणाल, पैसे कापले गेले."

"कसले?"

"इडेकोचे. अख्ख्या वर्षाचे. मर्यादेपर्यंत, पूर्ण." ते माझ्याकडे बघत राहिले. "मी काढायला विसरलो."

हॉस्पिटलचा खर्च चालू, रजा संपत आलेल्या, कंत्राटाचं अजून नक्की नाही, आणि पैसे साठीपर्यंत बंद. मला वाटलं, आता हे कोसळणार. काकांचे खांदे हलायला लागले. मी पुढे झाले तर ते हसत होते. आवाज न करता, तोंडावर हात धरून, काकूंची झोप मोडू नये म्हणून.

"इतकी वर्षं," ते कसेबसे म्हणाले, "इतकी वर्षं मी जागून काढली गं ती तारीख."

त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मला मात्र त्यांची काळजी वाटायला लागली. ते रस्ता ओलांडताना फोनवर बोलायला लागले होते. अनोळखी नंबर उचलायला लागले होते. बोगद्यात ते आता गप्प नसायचे. काकूंच्या उजव्या हाताचं आज कोणतं बोट हललं ते सांगत राहायचे आणि दांडी मी धरलेली असायची.

कंत्राट सहा महिन्यांसाठी वाढलं, पुढे नाही. व्यायाम करून घेणाऱ्या दुसऱ्या हॉस्पिटलमधून काकू उन्हाळ्यात घरी आल्या. काठी घेऊन चालायच्या. शब्द मात्र कमी, आणि हवा तो नेमका न येणारा. पाणी हवं असलं की दार म्हणायच्या आणि मग स्वतःवरच चिडून रडायच्या. ठाण्याला काकूंची बहीण होती, आणि पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या बाई तिथे मराठीत शिकवणाऱ्या मिळणार होत्या. परत जायचं ठरलं. रेवा कॉलेजसाठी इथेच राहणार होती, वसतिगृहात.

"आणि तुमचं पेन्शन?" मी विचारलं.

"राहील इथेच. इतक्या वर्षांनंतर मध्ये काढून देत नाहीत." ते खोक्याला चिकटपट्टी लावत होते. "साठी झाली की बघू. आपण असलो तर आपण, नाहीतर रेवा."

विमानतळावर त्यांना भीती वाटत होती हे मला दिसत होतं. बहिणीच्या घराला लिफ्ट नव्हती. नोकरी नव्हती. त्यांनी पासपोर्ट चारदा पाहिले. रेवाला मिठी मारताना त्यांनी तिला सायकल हळू चालवायला सांगितलं. काकूंनी डाव्या हाताने माझा गाल धरला आणि काहीतरी म्हणाल्या. शब्द चुकला होता, पण मला कळलं.

शेजारच्या घरात आता उरायासुहून आलेलं एक तरुण जोडपं राहतं. भिंतीतून त्यांच्या टीव्हीचा आवाज येतो. मी आता पेन्शन भरते, दर महिन्याला, थोडं थोडं.

गेल्या रविवारी रेवा माझ्याकडे जेवायला आली होती. आम्ही ठाण्याला व्हिडिओ कॉल लावला. काकांनी फोन कशाला तरी टेकवून उभा केला. दोघं पलंगावर समोरासमोर बसली होती. पत्त्यांचा डाव चालला होता, दोघांत खेळायचा सात-आठ. काकूंच्या उजव्या हाताला पानं धरता येत नाहीत. म्हणून काकांनी एका हातात स्वतःची पानं धरली होती आणि दुसऱ्या हातात काकूंची, पाठ स्वतःकडे करून. शिवाय मान वळवलेली, चुकूनही दिसू नयेत म्हणून.

"कसे आहात काका? आता भीती वाटते का?" मी विचारलं. थट्टेत विचारायला गेले होते, पण आवाज तसा निघाला नाही.

"वाटते की. रोज वाटते," काका खिडकीकडे बघत म्हणाले. "पण हात रिकामे नसतात."

पहिली पाच पानं वाटून झाली होती. हुकूम काकूंनी बोलायचा होता. त्यांनी आपल्या पानांकडे पाहिलं. तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. ओठ वाकडे होऊन शब्द शोधायला लागले. रेवाने माझं मनगट घट्ट पकडलं. तिला तो शब्द आईच्या तोंडात घालावासा वाटत होता, मलाही. काका हलले नाहीत. बोलले नाहीत. दोन्ही हातांत पानं धरून, मान वळवून, ते वाट बघत बसले.

"ब," काकू म्हणाल्या. थांबल्या. डोळे मिटून घेतले.

"बदाम."